कॅटमध्ये ९६.४ पर्सेंटाइल: प्रवेशाची शक्यता नेमकी कशी मोजावी?

रानजाई (१२ जानेवारी २०२५)

नमस्कार. माझी भाची नोव्हेंबरमध्ये कॅटला, म्हणजे आयआयएम व इतर व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेश परीक्षेला, बसली होती आणि तिला एकूण ९६.४ पर्सेंटाइल मिळाले. विभागवार पाहिले तर इंग्रजी आकलनात ९८, डीआयएलआरमध्ये (माहितीचे विश्लेषण आणि तर्क) ९४ आणि गणितात ८३ अशी स्थिती आहे. दहावीला राज्य मंडळातून ९१.४ टक्के, बारावी वाणिज्य शाखेत ८४ टक्के, त्यानंतर मुंबई विद्यापीठाची बी.कॉम. पदवी प्रथम श्रेणीत आणि एका लेखापरीक्षण कार्यालयात सव्वा वर्षाचा अनुभव, अशी बाकीची जमेची बाजू आहे. प्रवर्ग खुला.

निकाल लागल्यापासून घरात दोन तट पडले आहेत. तिच्या वडिलांचे म्हणणे असे की शंभरात शहाण्णव म्हणजे काही थोडे नव्हे, आयआयएम अहमदाबाद नाही तर बंगळूर कुठे गेले नाही. तिच्या क्लासच्या सरांच्या मते ९९ च्या खालचा निकाल हा निकालच नव्हे, त्यामुळे तिने नोकरी सोडून पुन्हा एक वर्ष तयारी करावी. दोघेही तितक्याच ठामपणे बोलतात. मुलाखतीचे बोलावणे कुठून येईल याचा अंदाज देणारी संकेतस्थळांवरची ‘कॉल प्रेडिक्टर’ यंत्रे आम्ही चालवून पाहिली, तर प्रत्येकाने वेगळीच यादी हातात दिली. इथे या प्रक्रियेतून गेलेले बरेच जण आहेत. कोणती संस्था या आकड्याचा नेमका काय उपयोग करते, हे कुणी समजावून सांगेल का?

गणिती_काका (१२ जानेवारी)

आधी आकड्याचा अर्थ पाहू, कारण वडिलांचा घोटाळा तिथेच झाला आहे. ९६.४ हे शंभरपैकी मिळालेले गुण नाहीत. परीक्षा दिलेल्यांपैकी ९६.४ टक्के उमेदवार तिच्या मागे आहेत, इतकाच त्याचा अर्थ आहे. यंदा सुमारे २ लाख ९३ हजार उमेदवार प्रत्यक्ष परीक्षेला बसले. त्यांतले ३.६ टक्के, म्हणजे साधारण साडेदहा हजार जण तिच्या पुढे आहेत. हाच हिशेब ९९ पर्सेंटाइलला लावला तर पुढे २,९०० च्या आसपास उमेदवार राहतात आणि ९९.९ ला तीनशेहून कमी. सर्व आयआयएममधील मुख्य दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या जागा एकत्र केल्या तरी त्या काही हजारच भरतात आणि त्यांतल्या जवळपास साठ टक्के जागा राखीव आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे खुल्या प्रवर्गातील मुलीचा एकूण यादीतला साडेदहा हजारावा क्रमांक कुठे बसतो याचा अंदाज येईल.

दुसरी गोष्ट अशी की पर्सेंटाइल सगळीकडे सारख्या वेगाने चढत नाही. गर्दी मध्यावर असते, त्यामुळे तिथे दोन-तीन प्रश्नांनी पर्सेंटाइल भराभर वाढते, आणि वरच्या टोकाला माणसे विरळ असल्याने एकेका दशांशासाठी घाम गाळावा लागतो. यंदाच्या ६८ प्रश्नांच्या परीक्षेत ९६.४ वरून ९९ वर जायला साधारण पाच-सहा उत्तरे अधिक बरोबर यावी लागली असती. पाच-सहा प्रश्न ऐकायला थोडे वाटतात, पण बहुपर्यायी प्रश्नाच्या चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होत असताना आणि प्रत्येक विभागाला फक्त ४० मिनिटे असताना ते थोडे नसतात.

उंबरठा (१२ जानेवारी)

मी काही वर्षांपूर्वी एका जुन्या आयआयएममधून बाहेर पडलो आणि तेव्हापासून ओळखीतल्या मुलामुलींच्या मुलाखतींची तयारी करून घेतो. माझ्या अनुभवाने सांगतो की ‘इतक्या पर्सेंटाइलला कोणते कॉलेज’ हा प्रश्न मुळातच अपुरा आहे, कारण एकच आकडा प्रत्येक संस्थेत वेगळे काम करतो.

अहमदाबादचे उदाहरण घ्या. तिथे मुलाखतीचे बोलावणे केवळ कॅटवर येत नाही. दहावी, बारावी आणि पदवीचे गुण, कामाचा अनुभव अशा गोष्टींवरून ‘अ‍ॅप्लिकेशन रेटिंग’ काढले जाते आणि अलीकडच्या धोरणात बोलावण्यासाठी कॅटला ६५ टक्के व या रेटिंगला ३५ टक्के भार दिलेला आहे. या रेटिंगमध्ये दहावीला ९० टक्क्यांच्या वर असणाऱ्याला १० गुण, ८० ते ९० मध्ये असणाऱ्याला ८ आणि ७० ते ८० मध्ये असणाऱ्याला ५ गुण मिळतात. म्हणजे पंधराव्या-सोळाव्या वर्षी ज्याला ७९ टक्के मिळाले, त्याला इथे ९१ वाल्याच्या निम्मे गुण मिळतात आणि आज तो कितीही हुशार झालेला असला तरी ते बदलता येत नाहीत. भाचीने दहावीत ९० ओलांडले आहे, हे तिच्या पथ्यावर पडले. बारावीचे ८४ मात्र तितकेसे उपयोगी पडणार नाहीत.

मुलाखतीपर्यंत पोहोचल्यावर चित्र पुन्हा बदलते. अंतिम निवडीत मुलाखतीला ५० टक्के, लेखी विश्लेषण चाचणीला १० टक्के, कॅटला २५ टक्के आणि त्या रेटिंगला १५ टक्के असा भार असतो. ज्या गुणांनी दार उघडले, त्यांचे वजन आत गेल्यावर चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणूनच ९९.९ मिळवूनही नकार मिळालेली मुले दर वर्षी दिसतात आणि लोकांना त्याचे उगीच आश्चर्य वाटते.

बंगळूरला आणखी एक बारकावा आहे. तिथे दहावी-बारावीचे गुण जसेच्या तसे धरत नाहीत, त्या-त्या मंडळातल्या अर्जदारांच्या वरच्या गुणांशी ताडून पाहतात. त्यामुळे राज्य मंडळाच्या मुलांनी ‘सीबीएसईवाल्यांना गुण ढिगाने मिळतात, आमचे काय’ ही तक्रार निदान त्या संस्थेपुरती तरी करू नये. कामाच्या अनुभवालाही तिथे गुण आहेत.

स्पष्ट बोलायचे तर अहमदाबाद, बंगळूर आणि कोलकाता या तिघांकडून खुल्या प्रवर्गातील ९६.४ ला बोलावणे येण्याची शक्यता फारच कमी आहे. खुल्या प्रवर्गात तिथे बोलावणी येणाऱ्यांचे पर्सेंटाइल बहुधा ९९ च्या पुढे असते.

रानजाई (१२ जानेवारी)

मनःपूर्वक आभार. पण बंगळूरच्या प्रवेश धोरणात खुल्या प्रवर्गासाठी एकूण ८५ आणि विभागवार ८०, ७५, ७५ असे किमान पर्सेंटाइल दिलेले मी स्वतः वाचले आहे. तिचे गणितातले ८३ सुद्धा त्यात बसतात. मग ९९ कुठून आले?

उंबरठा (१२ जानेवारी)

या किमान आकड्यांनी दर वर्षी हजारो घरांत खोटी आशा निर्माण केली आहे, म्हणून सविस्तर सांगतो. जाहीर केलेले किमान पर्सेंटाइल म्हणजे ज्याच्या खाली संस्था अर्ज उघडूनही पाहणार नाही ती रेघ. त्या रेघेच्या वर असलेल्या सर्वांचे एकत्रित गुण काढले जातात आणि क्रमाने वरून जितकी माणसे हवीत तितकी बोलावली जातात. वर गर्दी असल्याने प्रत्यक्ष शेवटचे बोलावणे किमान रेघेच्या कितीतरी वर थांबते. अर्थात विभागवार किमान आकडे मात्र खरेच कापतात. एखाद्याला एकूण ९९.५ असून एका विभागात ७० असतील तर तो तिथेच बाद होतो. म्हणून भाचीच्या बाबतीत ८३ ची चिंता नको, ९६.४ ची करावी.

नव्या आयआयएमकडे वळा. त्यांच्यापैकी बऱ्याच जणी मिळून एकच मुलाखत घेतात आणि मग प्रत्येक संस्था आपापल्या निकषांनी यादी लावते. गेल्या काही वर्षांत रांची, रायपूर, काशीपूर, त्रिची, उदयपूर, संबलपूर, जम्मू अशी नावे त्यात राहिली आहेत आणि अलीकडे आयआयएम मुंबई, म्हणजे पवईची पूर्वीची नीटी, हीसुद्धा त्यात आली. ९६ च्या आसपासच्या मुलांना या प्रक्रियेची बोलावणी आजवर येत आली आहेत. वाणिज्य शाखेची मुलगी असणे हेही तिथे जमेस धरले जाते, कारण अभियंता मुलांचीच भरती झालेल्या वर्गात विविधता यावी म्हणून बऱ्याच संस्था त्यासाठी काही गुण देतात. मुंबईचा आकडा मात्र या गटात सर्वांत चढा राहील असे धरून चाला. ई-मेल रोज तपासायला सांगा, कारण बोलावणे आल्यावर ठरलेल्या मुदतीत नोंदणी केली नाही तर ते वाया जाते.

चर्चगेट_लोकल (१३ जानेवारी)

इतकी चर्चा झाली, पण मुंबई विद्यापीठाची पदवीधर असलेल्या मुलीबद्दल बोलताना अजून कुणी सीईटीचे नाव घेतले नाही, याचे नवल वाटते. क्लासचे सर पुढच्या नोव्हेंबरची गोष्ट करत आहेत आणि इकडे राज्याची एमबीए सीईटी १ ते ३ एप्रिलला आहे. हातात अडीच महिने आहेत.

वर ‘उंबरठा’ यांनी म्हटल्याप्रमाणे आयआयएममध्ये परीक्षेचे गुण मुलाखतीपर्यंत नेतात. आपल्या राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत मुलाखतच नाही. सीईटीचे पर्सेंटाइल, त्यावरून गुणवत्ता यादी, यादीवरून पसंतीक्रमानुसार जागा. दहावीचे गुण, कामाचा अनुभव, इंग्रजी बोलण्याची ऐट, यांतले काहीही तिथे मोजले जात नाही. ज्या मुलाचा दहावी-बारावीचा पाया कच्चा राहिला, त्याला देशातल्या उत्तम संस्थांपैकी एका संस्थेत शिरायचा इतका सरळ मार्ग माझ्या माहितीत दुसरा नाही. मी मुंबई विद्यापीठाच्या जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्थेबद्दल बोलतो आहे. १९६५ साली सुरू झालेल्या या संस्थेत एमएमएसच्या (एमबीएसारख्या व्यवस्थापन पदवीच्या) १२० जागा आहेत आणि शुल्क आयआयएमच्या मानाने पुष्कळच कमी आहे. अहमदाबादचे दोन वर्षांचे शुल्क २५ लाखांच्या घरात गेले आहे, हे शेजारी ठेवून पाहा.

मार्ग सरळ आहे, सोपा नाही. सीईटीला लाखभर उमेदवार बसले असे धरले तर ९९.९ पर्सेंटाइलच्या पुढे फक्त शंभर जण राहतात. बजाजच्या १२० जागांतून आरक्षित आणि इतर कोटे वजा केले की खुल्या जागा किती उरतात ते पाहा, म्हणजे तिथला खुला कटऑफ ९९.९ च्या आसपास किंवा वर का घुटमळतो हे कळेल. त्याच्या खालोखाल सिडनहॅमची व्यवस्थापन संस्था, मग पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग पुम्बा, मुंबईच्या वेलिंगकर संस्थेतल्या एमएमएसच्या जागा अशी लोकांची पसंती साधारणपणे उतरत जाते. पुन्हा गृहविद्यापीठाच्या आणि बाहेरच्या उमेदवारांच्या याद्या वेगळ्या असतात. मुंबईची पदवी असल्याने ती मुंबईच्या महाविद्यालयांत ‘एमयू’च्या रांगेत उभी राहील. गेल्या वर्षीचा कटऑफ बघताना आपल्याच रांगेचा बघावा. मुले भलत्याच स्तंभातला आकडा वाचून हुरळतात किंवा खचतात.

आता तिच्या आकड्यांबद्दल. सीईटीत २०० प्रश्न आणि १५० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. कॅटमध्ये हाच हिशेब पावणेदोन मिनिटांच्या आसपास येतो. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. लॉजिकल रीझनिंगचे ७५ प्रश्न आणि आकृत्यांच्या अ‍ॅब्स्ट्रॅक्ट रीझनिंगचे २५, म्हणजे निम्मा पेपर तर्काचा आहे. गणित ५० आणि इंग्रजी ५०. कॅटमध्ये गणित साधारण एक तृतीयांश असते, इथे ते एक चतुर्थांश आहे, शिवाय विभागवार किमान अटही नाही. जिचे इंग्रजी ९८ आणि तर्क ९४ आहे आणि फक्त गणित मागे पडते, तिच्यासाठी हा पेपर कॅटपेक्षा अनुकूल आहे. वेग मात्र वेगळा कमवावा लागेल. कॅटमध्ये ‘हा प्रश्न सोडू का’ असा विचार करायची सवय लागते. इथे विचार करत बसले की दहा सोपे प्रश्न शेवटी तसेच राहून जातात. आकृत्यांचा सराव तर कॅटच्या तयारीत मुळीच होत नाही, तो आजपासून सुरू करावा.

सह्यवारा (१३ जानेवारी)

चर्चगेट_लोकल यांनी सीईटीचे गुणगान केले आहे, पण मला त्यात एक गोष्ट खटकते. अडीच तासांत आकृत्या ओळखण्याचा वेग म्हणजे व्यवस्थापनाची पात्रता, हे कुणी ठरवले? माणसे सांभाळणे, बोलणे, निर्णय घेणे यांचा त्या पेपरात मागमूस नाही. त्यातही अनेक सत्रांत परीक्षा होते, प्रत्येक सत्राची काठिण्यपातळी वेगळी असते आणि मग सत्रनिहाय पर्सेंटाइल काढून एकत्र यादी लावतात. ९९.८५ आणि ९९.९१ या दोन मुलांत खरा फरक काय असतो? निदान आयआयएम उमेदवाराला समोर बसवून अर्धा तास बोलतात तरी.

चर्चगेट_लोकल (१३ जानेवारी)

आपला मुद्दा अर्धा मान्य आहे. त्या दोन मुलांत बहुधा काहीच फरक नसतो. पण रेघ कुठेतरी ओढावीच लागते आणि ती कुठे ओढली हे सगळ्यांना दिसते, याचे मला महत्त्व वाटते. मुलाखतीत मुंबई-पुण्याच्या इंग्रजी शाळेतला मुलगा आणि हिंगोलीच्या जिल्हा परिषद शाळेतून आलेला मुलगा यांना समान माप लागते असे आपण छातीठोकपणे म्हणू शकाल का? बजाजलाही पूर्वी गटचर्चा आणि मुलाखत होती. मध्ये २०१३ च्या सुमारास राज्याने सीईटी गुंडाळून सीमॅट या देशपातळीवरच्या परीक्षेवर प्रवेश दिले आणि नंतर पुन्हा सीईटीकडे वळले. पद्धती बदलत राहिल्या. आज जी आहे तीत गरीब घरच्या मुलाला आपला क्रमांक का आला आणि का हुकला, हे निदान कागदावर तपासता येते.

सह्यवारा (१३ जानेवारी)

छातीठोकपणे नाही म्हणू शकणार. तरीही माझा आग्रह राहील की परीक्षेत तर्काच्या वेगाला इतके वजन नसावे. जमशेदपूरच्या एक्सएलआरआय या व्यवस्थापन संस्थेच्या झॅट परीक्षेत निर्णयक्षमतेचा स्वतंत्र विभाग आहे, प्रसंग देऊन काय कराल असे विचारतात. तसे काही सीईटीत आणता येईल.

कागदपत्र_मावशी (१४ जानेवारी)

मी प्रवेश सुविधा केंद्रावर काही हंगाम काम केले आहे. रानजाईताई, आपली भाची खुल्या प्रवर्गातली आहे, पण हा धागा इतरही पालक वाचतील म्हणून लिहिते. चांगले पर्सेंटाइल असूनही जागा जाताना मी पाहिली आहे, आणि ती बहुतेक वेळा दाखल्यापायी गेली.

राज्याचे आणि केंद्राचे आरक्षण एक नव्हे. २०२४ च्या कायद्याने मराठा समाजाला मिळालेले एसईबीसीचे (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) १० टक्के आरक्षण राज्याच्या प्रक्रियेत लागू होते, आयआयएममध्ये ते नाही. असा उमेदवार कॅटच्या अर्जात खुल्या प्रवर्गात असतो, किंवा उत्पन्न आणि मालमत्तेच्या अटींत बसत असेल तर केंद्राच्या ईडब्ल्यूएसमध्ये (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक). विमुक्त आणि भटक्या जमातींचे राज्यात स्वतंत्र प्रवर्ग आहेत, केंद्रात तसे नाहीत. आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का, हे अर्ज भरण्यापूर्वी पाहावे. ओबीसीचा केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढावा लागतो आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र मुदतीत असावे लागते. राज्यात जातवैधता प्रमाणपत्राची अट आहे आणि ते मिळायला महिने लागतात. सीईटीच्या निकालानंतर धावपळ करणाऱ्यांची शेवटी खुल्या प्रवर्गात गणना होते, मग ज्या पर्सेंटाइलला बजाज मिळाले असते त्याला दुसरीकडे जावे लागते.

आणखी एक. पसंतीक्रमाचा अर्ज भरताना ‘आपल्याला मिळेल ते कॉलेज वर’ असे कुणी करू नये. यंत्रणा तुमच्या क्रमांकाला शक्य असलेली सर्वांत वरची पसंती देते, त्यामुळे वर मोठी नावे घातल्याने खालची जागा गमावत नाही. उलट पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली तर ती आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेरीत बदलता येत नाही. भीतीपोटी तिसऱ्या क्रमांकाचे कॉलेज पहिले लिहिलेली आणि मग सुविधा केंद्रावर रडत आलेली मुले मला आठवतात. त्यांना नियम सांगण्यापलीकडे आमच्या हातात काही नसते.

तेरेखोल (१४ जानेवारी)

साखळीच्या गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचाही विचार व्हावा. तिथे कॅट आणि झॅट दोन्ही चालतात, मुलाखत असते आणि ९६ हा आकडा तिथे नक्कीच आदराने पाहिला जातो. अंधेरीची एस. पी. जैन संस्था उमेदवाराच्या एकूण वाटचालीला बरेच महत्त्व देते, पण तिच्या अर्जाची मुदत कॅटच्या निकालाआधीच संपते. टिसने (टाटा समाजविज्ञान संस्था) २०२४ पासून मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमासाठी कॅटचे गुण घ्यायला सुरुवात केली आहे. ज्या संस्थांचे अर्ज अजून खुले आहेत त्यांची यादी आजच करा, कारण कॅट दिली म्हणजे सगळीकडे आपोआप अर्ज गेला असे नसते. आयआयएम सोडून बाकी जवळपास प्रत्येक संस्थेचा अर्ज आणि शुल्क वेगळे असते.

पुन्हा परीक्षा द्यायचीच असेल तर सिम्बायोसिसची स्नॅप आणि नरसी मोनजीसारख्या संस्थांसाठीची एनमॅट या प्रवेश परीक्षा सोडू नयेत. दोन्हींत एकाच हंगामात तीनदा बसता येते आणि सर्वोत्तम गुण धरले जातात. एकाच दिवसावर सगळे वर्ष टांगणीला लागत नाही.

पैलतीर_न्यूजर्सी (१४ जानेवारी)

परदेशाचा विषय निघाला नाही तरी तुलनेसाठी थोडे लिहितो. अमेरिकेतल्या बहुतेक बिझनेस स्कूलमध्ये कटऑफ नावाची वस्तूच नाही. आलेल्या वर्गाचे मध्यमान आणि मधल्या ८० टक्के विद्यार्थ्यांची कक्षा जाहीर होते आणि त्या कक्षेच्या खालचेही काही जण निवडले जातात. तिथल्या प्रवेशासाठीच्या जीमॅट परीक्षेची नवी आवृत्ती २०५ ते ८०५ या मापात येते. जुन्या ७०० च्या गुणांशी थेट तुलना करू नये, नव्या मापात ६४५ च्या आसपासचा आकडा त्याच्या तोडीचा धरतात. गुण पाच वर्षे चालतात, कॅटचे मात्र जेमतेम वर्षभर. पण तिथे वर्गात सरासरी पाच वर्षांचा अनुभव असलेली मंडळी असतात, त्यामुळे सव्वा वर्षावर अर्ज करणे घाईचे होईल.

रानजाई (१५ जानेवारी)

सर्वांचे आभार. काल रात्री आम्ही तिघांनी हा धागा एकत्र वाचला. वडिलांनी साडेदहा हजारांचा हिशेब स्वतः वहीवर करून पाहिला आणि त्यानंतर बंगळूरचे नाव काढले नाही. नोकरी सोडायची नाही असे तिने ठरवले आहे. नव्या आयआयएमच्या संयुक्त मुलाखतीचे बोलावणे आले तर जायचे, सीईटीचा अर्ज भरायचा आणि रोज पहाटे दीड तास वेळ लावून सराव करायचा, असा बेत आहे. एक शंका उरली. समजा एप्रिलमध्ये तिला एखाद्या नव्या आयआयएमची जागा मिळाली आणि सीईटीचा निकाल व प्रवेश फेऱ्या त्यानंतर कितीतरी महिन्यांनी आल्या, तर काय करायचे?

कागदपत्र_मावशी (१५ जानेवारी)

हा प्रश्न दर वर्षी येतो. राज्याच्या फेऱ्या पावसाळ्यात चालतात आणि आयआयएमचे वर्ग त्याआधी सुरू झालेले असतात. आयआयएमच्या प्रस्तावपत्रात प्रवेश रद्द केल्यास कोणत्या तारखेपर्यंत किती रक्कम परत मिळते ते लिहिलेले असते. पैसे भरण्याआधी तो परिच्छेद वाचा आणि ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. सीईटीचा निकाल त्या तारखेआधी लागला तर पर्सेंटाइल बघून निर्णय घेता येईल. ९९.९ च्या वर असेल तर थांबण्यात अर्थ आहे. ९९ च्या आत-बाहेर असेल तर मिळालेली जागा सोडू नये, असे मी तरी सांगेन.

चर्चगेट_लोकल (१५ जानेवारी)

सहमत. फक्त ९९.५ ते ९९.९ या पट्ट्यात आली तर इथे पुन्हा लिहा. त्या पट्ट्यात सिडनहॅम आणि नवी आयआयएम यांत शुल्क, शहर आणि तिला नोकरी कोणत्या क्षेत्रात हवी आहे हे सगळे पाहावे लागेल, आणि लेखापरीक्षणाकडून वित्तक्षेत्राकडे जायचे असेल तर मुंबईत राहण्याचे पारडे जड होते.

रानजाई (१५ जानेवारी)

तिला वित्तक्षेत्रच हवे आहे. निकाल लागला की याच धाग्यावर आकडे देते.